आसरा: तो की ती?



आजचा पाठ माझ्याच एका चुकीपासून सुरू करते. चौथीच्या वर्गाला मी 'आमची विहीर' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. आमचं मांजरसुंबा बालाघाटाच्या डोंगरावर. इथल्या लेकरांना विहीर हा विषय काही परका नाही. एका मुलीनं लिहिलं होतं, "आमच्या हिरीत साती आसरा राहत्यात. त्या भर दुपारी लेकराला वढून नेत्यात." मी 'हिरीत'खाली लाल रेघ मारली, 'राहत्यात'खाली मारली, 'वढून'खाली मारली. 'आसरा'पाशी अडले आणि समासात लिहिलं, 'आसरा मिळतो असे लिही.'

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन टेबलापाशी आली. म्हणाली, "तो आसरा न्हाई ओ मॅडम. ह्या आसरा. बाया असत्यात, पाण्यातल्या."

आता बघा, लिंग आणि वचन शिकवणारी मी, आणि त्या लेकरानं एका दमात दोन्ही सांगून टाकलं. 'तो आसरा' हा एक शब्द, 'ह्या आसरा' हा दुसरा. मी बीड शहरात नळाच्या पाण्यावर वाढले. आजीच्या तोंडून साती आसरा ऐकल्या होत्या, पण वही तपासताना डोक्यात फक्त पुस्तकातला 'आसरा' होता. त्या दिवसापासून या शब्दामागं लागले. जे हाती आलं ते तुमच्यापुढं ठेवते. तिसरी ते आठवी कोणत्याही वर्गाला यातलं काही ना काही सांगता येईल.

दिसायला एक, शब्द दोन

पहिला आसरा पुल्लिंगी. संस्कृत 'आश्रय'वरून आलेला. पावसात झाडाचा आसरा घेतला, पाहुण्यांना आसरा दिला, हा तो. त्याला प्रत्यय लागताना 'आसऱ्या' असं सामान्यरूप होतं: आसऱ्याला, आसऱ्याखाली. दुसरी आसरा स्त्रीलिंगी, संस्कृत 'अप्सरा'वरून आलेली. ती बहुतेक वेळा अनेकवचनातच भेटते, कारण त्या एकट्यादुकट्या नसतातच: आसरांना, आसरांचा, आसरांपाशी. 'तो आसऱ्याला गेला' म्हणजे निवाऱ्याला गेला. 'ती आसरांना गेली' म्हणजे नैवेद्याचं ताट घेऊन विहिरीवर गेली. प्रत्यय लागला की दोघांची फारकत होते. वहीत प्रत्यय नव्हता म्हणून मी फसले, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर शेजारी 'साती' होता, पुढं 'राहत्यात' हे अनेकवचनी क्रियापद होतं. वाचायला हवं होतं.

'अप्सरा'ची 'आसरा' झाली कशी? मुलांना 'हस्त-हात', 'कर्ण-कान' या जोड्या पाठ असतात. त्यांना या तीन ओळी फळ्यावर लिहून द्या:

मत्स्य, मच्छ, मासा
वत्स, वच्छ, वासरू
अप्सरा, अच्छरा, आसरा

मधला शब्द प्राकृतातला. संस्कृतातलं 'त्स' किंवा 'प्स' प्राकृतात 'च्छ' झालं, आणि मराठीत येताना त्या 'च्छ'चा 'स' होऊन आधीचा अ लांबला, त्याचा आ झाला. तिन्ही शब्द एकाच वाटेनं चालत आलेले आहेत. पोरांना हे फार आवडतं. मासा आणि आसरा एकाच पाण्यातले आहेत हे त्यांना आधीपासून माहीत असतं, ते आता कानालाही पटतं.

'अप्' म्हणजे पाणी. पाण्यात वावरणारी ती अप्सरा, असा या शब्दाचा जुना अर्थ सांगतात. टीव्हीवरच्या मालिकांत अप्सरा इंद्राच्या दरबारात नाचताना दिसतात, त्यामुळे पाणी आपल्या ध्यानात राहिलेलं नाही. संस्कृत रूपातली अप्सरा दरबारात जाऊन बसली. तीच मराठी होऊन आसरा झाली आणि आपल्या विहिरीत, बारवेत, डोहात राहिली.

साती म्हणजे किती?

सात, हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. 'सात' आणि 'साती' यांत फरक आहे. पाच बोटं म्हणजे कुठलीही पाच, 'पाची बोटं' म्हणजे हाताची सगळी, एकही न वगळता. चारी दिशा, दाही दिशा हे तसलेच. साती आसरा म्हणजे सातच्या सात, सगळ्या बहिणी मिळून. सहा आसरा किंवा आठ आसरा असं कुणी म्हणत नाही. नैवेद्यही सात जागी ठेवायचा.

आपल्या भागात विहिरीच्या काठाला, ओढ्याच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड ओळीनं मांडलेले तुम्ही पाहिले असतील. काही ठिकाणी शेजारी म्हसोबाही असतो. हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या, चोळीचा खण, दहीभात असं त्यांना वाहतात. पश्चिम महाराष्ट्रात यांनाच मावलाया म्हणतात. ग्रंथांत त्यांची नावंही दिलेली सापडतात: मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी वगैरे. अर्थ लावून पाहा. मासळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगरी. विहिरीत डोकावल्यावर जे दिसतं त्याचीच ही नावं, फक्त शेवटाला 'ई' लावून बाई केलेली. मगर सोडा, ती आमच्या विहिरीत नाही!

आता व्याकरणातली एक गंमत. पाण्याच्या जागांना मराठीत तिन्ही लिंगं आहेत. ती विहीर, ती बारव, तो आड, तो डोह, तो तलाव, ते तळं. खुद्द पाणी नपुंसकलिंगी. नद्या मात्र सगळ्या स्त्रीलिंगी: आपल्याच जिल्ह्यात बालाघाटात उगम पावणारी मांजरा, बीड शहरातून जाणारी बिंदुसरा, पलीकडची सिंदफणा, आणि या सगळ्यांना पोटात घेणारी गोदावरी. जागा कोणत्याही लिंगाची असो, आत राहणाऱ्या मात्र बायाच. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी महाराष्ट्रातल्या नद्या आणि स्त्रीत्व यांच्यावर एक अख्खं इंग्रजी पुस्तक लिहिलंय, १९९५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात साती आसराही आहेत. कोकणात पाण्यातला 'गिऱ्हा' आहे, तो पुरुष. पाण्यात बुडून मेलेल्याचं ते भूत, असं तिकडं सांगतात. आमच्याकडं काही तो पोचला नाही.

भुतांच्या यादीतही लिंगाचा असाच घोळ आहे. मुंजा तो, हडळ ती, जखीण ती, पण भूत आणि पिशाच्च ते. भूत नपुंसकलिंगी का, असं मला एका मुलानं विचारलं होतं. मी म्हटलं, लेकरू पण ते आणि भूत पण ते, तुमच्याकडं बघून कळतंच. वर्ग हसला, उत्तर राहिलं.

तिकडचा पाण्यातला बाबा

त्याच मुलीनं पुढच्या आठवड्यात विचारलं, "मॅडम, परदेशात पण असत्यात का आसरा?" मी शोधायला बसले आणि जाऊन पोचले थेट युरोपात, चेक प्रजासत्ताकात. तिथल्या लोककथांत पाण्यातला एक बाबा आहे, त्याचं नाव 'वोद्नीक'. 'वोदा' म्हणजे पाणी. आपला संस्कृत 'उदक' आणि हा 'वोदा' एकाच मुळाचे. वोद्नीक हिरवा असतो. माणसाच्या वेषात बाजारालाही येतो, पण त्याच्या कोटाच्या टोकातून सारखं पाणी ठिबकत असतं, त्यावरून ओळखायचा. बुडालेल्या माणसांचे जीव तो तळाशी झाकण घातलेल्या कपांत कोंडून ठेवतो. झाकण उघडलं की जीव सुटला.

आपल्या आसरांच्या जास्त जवळची तिकडं 'रुसाल्का' आहे, पाण्यातली तरुण बाई. द्वोर्झाक या चेक संगीतकाराचा 'रुसाल्का' नावाचा ऑपेरा, म्हणजे गाण्यातलं नाटक, १९०१ साली प्राग शहरात पहिल्यांदा झाला. वोद्नीकवरची सगळ्यात गाजलेली कथा मात्र एर्बेन या कवीची, १८५३ च्या संग्रहातली. आई मुलीला सांगते, आज पाण्यावर जाऊ नको. मुलगी धुणं घेऊन जाते. पायाखालची फळी मोडते, ती तळ्यात पडते, आणि वोद्नीक तिला बायको करून ठेवतो. (शेवट फार भयंकर आहे, लहान वर्गांना सांगू नका. मी सांगितला नाही.) मला सगळ्यात ओळखीची वाटली ती आई. ती आमच्या कुठल्याही वस्तीवरची आजी असू शकते.

वोद्नीक राहतो तळ्यात. तळ्याला चेक भाषेत 'रिब्नीक' म्हणतात, म्हणजे मासळीचं तळं. त्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी मासे पाळायला मोठमोठी तळी बांधून काढली. त्यातलं सगळ्यात मोठं, रोझम्बेर्क नावाचं, १५९० साली पुरं झालं. आपल्या बीडजवळची खजाना विहीरही त्याच सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. तिकडं नाताळाच्या आदल्या रात्री घराघरांत तळ्यातला मासा शिजतो. इकडं खजाना विहिरीचं पाणी आटत नाही असं आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो.

वोद्नीक आणि रिब्नीक. दोन्ही शब्दांचा शेवट सारखा, दोन्ही पुल्लिंगी. पण आता वाक्यात घाला. 'विदीम' म्हणजे 'मी पाहतो', आपल्या 'विद्या'तला 'विद्' तो हाच.

विदीम रिब्नीक. (मी तळं पाहतो.)
विदीम वोद्नीका. (मी वोद्नीकला पाहतो.)

तळ्याचं रूप बदललं नाही, वोद्नीकचं बदललं. चेक भाषेत पुल्लिंगाचे दोन भाग आहेत, सजीव आणि निर्जीव. सजीव असेल तर कर्म होताना त्याला शेपटी लागते. वोद्नीक प्रत्यक्षात आहे की नाही, हे व्याकरण विचारत नाही. तो कुणीतरी आहे, काहीतरी नाही, एवढं ठरलं की झालं. बर्फाचा माणूस करतात ना तिकडची पोरं, तोही सजीव. पाण्यात बुडून मेलेला माणूस, त्याला 'उतोपेनेत्स' म्हणतात, तोसुद्धा व्याकरणात सजीवच.

मुलगी पाहिली, मुलीला पाहिलं

हे वाचून मी जागच्या जागी थबकले, कारण मराठीतही हेच आहे, आपण त्याकडं बघत नाही एवढंच. फळ्यावर लिहा:

मी विहीर पाहिली.
मी गुरुजींना पाहिलं.

'मी विहिरीला पाहिलं' असं सहसा कुणी म्हणत नाही, आणि 'मी गुरुजी पाहिले' म्हटलं तर शाळा नवे गुरुजी निवडायला निघाली आहे असं वाटेल. निर्जीव कर्माला 'ला' लागत नाही, माणसाला लागतो. 'ला' लागला की क्रियापदही कर्माचा हात सोडतं. 'विहीर पाहिली' इथं क्रियापद विहिरीसारखं स्त्रीलिंगी. 'मुलीला पाहिलं' इथं मुलगी असून 'पाहिलं', नपुंसकलिंगी एकवचन. वरच्या वर्गात कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवतात, तो हाच फरक. नावं कठीण आहेत, गोष्ट सोपी आहे.

पण मराठी चेकसारखी कडक नाही. ती आपल्याला निवड करू देते, आणि त्या निवडीत सगळा अर्थ असतो. 'मुलाकडच्यांनी मुलगी पाहिली' आणि 'मुलाकडच्यांनी मुलीला पाहिलं' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात चहापोह्यांचा कार्यक्रम आहे. दुसऱ्यात ती रस्त्यानं जाताना कुणाच्या दृष्टीला पडली. एक 'ला' काढून घेतला की मुलगी बाजारातल्या म्हशीच्या रांगेत जाऊन उभी राहते: म्हैस पाहिली, घर पाहिलं, मुलगी पाहिली. सातवी-आठवीच्या मुलींना हे उदाहरण दिलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता. बालविवाहाबद्दल आम्ही भिंतीवर इतक्या घोषणा लिहितो, पण त्या शांततेएवढं काही कुठल्या घोषणेनं झाल्याचं मला आठवत नाही.

आता आसरांचं काय? मी चौथीच्या वर्गाला विचारलं, आजीनं आसरा पाहिल्या, की आसरांना पाहिलं? बहुतेकांनी सांगितलं, "आसरांना." एकजण म्हणाला, "नुसतं आसरा पाहिल्या म्हणलं तर दगड पाहिल्यावानी वाटतं." मी यात भर घालणार नाही.

चारच्या पुढं

दुसरी एक गोष्ट दोन्ही भाषांत मिळालीय. मराठीत बायका मोजताना आपण दोघी, तिघी, चौघी म्हणतो. पुढं? पाचघी नाही. पाचजणी, सहाजणी, सातजणी. चारनंतर रीत बदलते. चेक भाषेतही दोन, तीन, चार यांची एक रीत आणि पाचपासून पुढं दुसरी. दोन रुसाल्का नाचल्या तर 'द्व्ये रुसाल्की तान्चिली'. सात नाचल्या तर 'सेदम रुसालेक तान्चिलो', म्हणजे जवळजवळ 'रुसाल्कांचं सप्तक नाचलं'. सात बाया नाचतायत आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी! 'सेदम' म्हणजे आपला 'सप्त', सात. दोन्ही भाषा एका कुळातल्या, म्हणून आकडे जुळतात. चारनंतरचं वळण मात्र दोघींनी आपापलं घेतलंय, ते एकीनं दुसरीकडून घेतलेलं नाही.

आणि दोघी, तिघी, चौघी हे आपण माणसांनाच म्हणतो, दोन बादल्यांना 'दोघी' म्हणत नाही. आजी मात्र सांगायची, "दोघी काठावर बसल्या व्हत्या, बाकीच्या पाण्यात." मोजणीतही त्या माणसांत धरलेल्या.

लागणं

या विषयातलं सगळ्यात कामाचं क्रियापद आहे 'लागणे'. तहान लागते, भूक लागते, नजर लागते. नवी विहीर खोदताना तीस-चाळीस फुटांवर ओल दिसली की माणसं वरून ओरडतात, "पाणी लागलं!" आणि त्याच वस्तीवर एखादी बाई आजारी पडली की म्हणतात, "हिला आसरा लागल्या." दोन्हीकडं कर्ता वेगळाच आहे. विहिरीनं पाणी लावून घेतलं नाही, बाईनं काही केलं नाही. पाणी लागलं विहिरीला, आसरा लागल्या बाईला. ज्याच्यावर येऊन पडतं त्याला आपली भाषा 'ला' लावून बाजूला उभं करते.

इथं शिक्षिका म्हणून थोडं बोलते. आसरा पहिलटकरणीला धरतात, पोटातलं मूल पाडतात, अशी समजूत आजही आहे. शब्दांची गोडी वेगळी आणि हे वेगळं. गरोदर बाईला रक्तस्राव झाला, चक्कर आली, ताप आला तर आधी दवाखाना. आशाताईंना फोन. नैवेद्य ज्याला ठेवायचा त्यानं नंतर ठेवावा. 'लागल्या' हे वाक्य व्याकरणाला चालतं म्हणून बाईला घरात बसवून ठेवायचं नाही. पालकसभेत मी हे असंच बोलते, कुणाला राग आला तरी.

पण लेकरांच्या बाबतीत त्या गोष्टीनं काय काम केलं तेही बघा. जुन्या विहिरींना कठडे नव्हते. आईबाप दिवसभर रानात, नाहीतर दिवाळीनंतर सहा-सहा महिने ऊसतोडीला, लेकरू आजीपाशी. आजीचे पाय पळायचे नाहीत. मग आजीनं विहिरीत सात बाया बसवल्या आणि त्यांना वेळ नेमून दिली: भर दुपार आणि तिन्हीसांजा. म्हणजे दुपारी मोठी माणसं झोपलेली असतात तेव्हा, आणि अंधार पडताना काठ दिसत नाही तेव्हा. सकाळी मोटेवर, पंपावर माणसं असायची, तेव्हाची आसरांची भीती मी कुणाच्या तोंडून ऐकली नाही. पाठीला रिकामा डबा बांधून बाप पोहायला शिकवायचा तेव्हाही आसरा मध्ये येत नव्हत्या. चेक आईचंही तसंच, आज पाण्यावर जाऊ नको एवढंच तिचं सांगणं.

शेततळ्यात कोण राहतं?

हे सगळं वर्गात बोलून झाल्यावर मी सहज विचारलं, "विहिरीत कोण राहतं?" सगळे हात वर. "आसरा!" "डोहात?" "आसरा!" कपिलधारच्या धबधब्याखाली? थोडी चर्चा झाली, तिथं मन्मथस्वामींची समाधी आहे, त्यामुळे तिथं आसरा असतील का यावर मतभेद झाले. मग मी विचारलं, "शेततळ्यात कोण राहतं?"

वर्ग गप्प. मग मागून एकजण म्हणाला, "कुणीच न्हाई मॅडम. नुसतं पाणी."

तुम्हाला माहीत आहे, २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. आपल्यासारख्या दुष्काळी भागात त्याचा मोठा आधार झाला, कितीतरी बागा त्या पाण्यावर उभ्या आहेत. शेततळ्याला बारवेसारख्या पायऱ्या नसतात. पाणी मुरू नये म्हणून तळाला आणि चारही उतारांना प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला की त्याच्यावर शेवाळ धरतं. पाय ठरत नाही, हाताला धरायला काही नाही. पाणी काठाजवळ उथळ दिसतं, म्हणून लेकरू हातपाय धुवायला उतरतं आणि घसरत आत जातं. पोहता येणारालासुद्धा त्या उतारावरून वर चढता येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरला तर तोही घसरतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्तमानपत्रात अशी बातमी आली की मी आधी गावाचं नाव बघते.

आणि या पाण्याची कुठलीही गोष्ट लेकरांनी ऐकलेली नाही. ते नवं आहे, चौकोनी आहे, निळं-काळं आहे, त्यात 'काहीतरी' आहे, 'कुणीतरी' नाही. शेततळं पाहिलं. 'ला' नाही.

मी तिथं आसरा नेऊन बसवणार नाही, तेवढं मला पटत नाही. पण त्या दिवशी परिसर अभ्यासाचा तास शेततळ्यावर घेतला. एक प्लास्टिकचा कागद वर्गाबाहेर तिरपा टाकला, त्यावर पाणी आणि साबण ओतला आणि एकेकाला चढून दाखवायला सांगितलं. आधी फार हसले. पाचव्या-सहाव्या मुलानंतर हसू कमी झालं. मग मी सांगितलं: कुणी पडलं तर पाण्यात उतरायचं नाही. ओरडायचं, मोठ्या माणसाला बोलवायचं, लांबून दोर, साडी, काठी, ट्यूब जे मिळेल ते टाकायचं. ज्यांच्या घरी शेततळं आहे अशा मुलांनी वडिलांना, किंवा वडील ऊसतोडीला गेले असतील तर आजोबांना, दोन गोष्टी विचारून यायच्या: आपल्या शेततळ्याला जाळीचं कुंपण आहे का, आणि काठाला खुंटीला बांधलेला, आत पाण्यापर्यंत सोडलेला गाठीगाठींचा दोर आहे का? सहा मुलांच्या घरी शेततळं होतं. दोर एकाच्याही नव्हता. नंतरच्या आठवड्यात दोघांच्या घरी लागला. बाकी चौघांच्या पालकांकडं मी जाते आहे.

शेवटी पुन्हा दहा ओळी लिहायला दिल्या. विषय, 'आमचं शेततळं'. त्याच मुलीनं लिहिलं, "आमच्या शेततळ्यात आसरा न्हाईत. म्हणून आज्जी तिथं जाऊ नको म्हणत न्हाई. पण त्याला पायऱ्या नसत्यात." या वेळी मी लाल पेन उघडलाच नाही. समासात पेन्सिलीनं 'नाहीत' आणि 'नसतात' एवढं लिहिलं, आणि वही तिच्या आज्जीला वाचून दाखवायला घरी पाठवली.